संसदेचं नाणं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. तेव्हा पंडिताचं भाषण माझ्याकडून होणार नाही. आज खिशात एक नाणं आणलंय, त्याच्याबद्दलच बोलतो.

हे दहा रुपयांचं नाणं. १३ मे १९५२ रोजी लोकसभा आणि राज्यसभा पहिल्यांदा भरल्या. त्याला २०१२ साली साठ वर्षं झाली, म्हणून सरकारनं पाच आणि दहा रुपयांची नाणी काढली. एका बाजूला संसद भवन, दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह, म्हणजे आपल्या सम्राट अशोकाची खूण. बाबासाहेबांची नाणी वेगळी निघाली, १९९० ला एक रुपयाचं, २०१५ ला दहा आणि सव्वाशे रुपयांचं. पण मला हे संसदेचं नाणंच बोलकं वाटतं, ते त्यावरच्या १९५२ या सालामुळं. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईत लोकसभेला पडले. घटनेचे शिल्पकार पहिल्या लोकसभेत नव्हते! ते राज्यसभेवर गेले आणि महापरिनिर्वाणापर्यंत तिथं राहिले.

तिथंही ते गप्प बसले नाहीत. अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक १९५४ साली राज्यसभेत आलं, तेव्हा त्यांनी त्याचं नावच बदला म्हणून सांगितलं. हा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तसं नाव द्या, असं त्यांचं म्हणणं. सामाजिक बहिष्काराचं काय, हेही त्यांनी विचारलं. १९५५ ला कायदा झाला तो जुन्याच नावानं. १९७६ साली नाव बदललं, नागरी हक्क संरक्षण कायदा! वीस वर्षं लागली बघा.

आता या नाण्याची गंमत. मागं सांगलीला एका दुकानात हेच नाणं दिलं, तर दुकानदार म्हणाला, "दहाचं नाणं चालत नाही." साताऱ्याकडंही हाच अनुभव. वास्तविक रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. २०११ च्या नाणे कायद्यानं तर रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत देता येतात. मी त्याला म्हटलं, "मालक, यावर संसद आहे, तुम्ही संसद नाकारताय." तो हसला आणि नोट मागितली.

तुम्ही म्हणाल, दहा रुपयांसाठी एवढं कशाला? आपल्या आज्या-आयांना विचारा. आपल्या माणसाचं नाणं उंबऱ्यावर ठेवायला लावायचे, पाणी शिंपडून मग उचलायचे. सुटे परत द्यायचे ते वरून टाकून. नाणं तेच, किंमत तीच, पण हात बघून व्यवहार. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमानं गेली. गल्ल्यावरून ती जायला किती वर्षं लागली, ते या सभेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. कायदा दिल्लीत होतो, त्याची परीक्षा दुकानाच्या पायरीवर होते.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलेल्या मुलानं १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती शाळा आजही आहे, प्रतापसिंह हायस्कूल. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.

हे नाणं मी कमिटीकडं देतो. मुलांना दाखवा, त्यावरचं साल वाचायला लावा. पण डबीत घालून ठेवू नका. उद्या मेणबत्त्या आणायला याच नाण्यानं जा, आणि नाही म्हणाला तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगा. जयभीम!