नाण्यांचे निकट छायाचित्रण : उपकरणांची निवड



अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच ९८२ असा निश्चित केला, याचे स्मरण मी आपणांस मुद्दाम करून देतो. कारण झिजलेल्या एका अंकाच्या वाचनावर दोन शतकांचे अंतर अवलंबून राहते, आणि मंदिराच्या दगडाला जे लागू तेच घरच्या देव्हाऱ्यात पडून असलेल्या शिवराई या तांब्याच्या नाण्यालाही लागू आहे. तिच्या एका अंगावर ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्यावर ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. परंतु ‘शिव’च्या जागी ‘सिव’ आहे काय, ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दुदांडीची दुहेरी रेघ आहे काय, यावरून तिचा प्रकार ठरतो. हा तपशील ज्या छायाचित्रात उमटत नाही, ते कितीही सुबक असले तरी अस्सल दस्तऐवजाची अपुरी नक्कलच होय.

कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. माझ्या मते तो शेवटचा आहे. शिवराईचा व्यास सुमारे २० मिलिमीटर आणि पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची २४, म्हणजे नाणे त्याच्या मूळ मापात उतरले की चौकट जवळजवळ भरते. लहान सेन्सरची उंची १५.६ असल्याने तेथे पाऊणपट माप पुरते. साध्या कॅमेऱ्यानेही हे साधते.

खरी कसोटी आहे ती नाणे आणि भिंग यांच्यामधील अंतराची. ५० ते ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स मूळ मापाला नाण्यापासून जेमतेम पाच-दहा सेंटिमीटरवर येते आणि तिचीच छाया नाण्यावर पडते. शंभराच्या आसपासची लेन्स सुमारे चौदा सेंटिमीटर मोकळे ठेवते, आणि त्या मोकळ्या जागेतूनच प्रकाशाला हव्या त्या कोनाने शिरता येते. झिजलेल्या तांब्याला अगदी तिरपा, जवळजवळ आडवा प्रकाश हवा, म्हणजे अक्षरांच्या कडा छाया टाकून बोलू लागतात. चकचकीत चांदीला तोच प्रकाश मारक ठरतो. तिच्यासाठी नाण्यावर पंचेचाळीस अंशांत स्वच्छ काच धरून बाजूचा प्रकाश तिच्यावरून खाली परावर्तित करावा. सिंधहून येऊन उल्हासनगरच्या छावण्यांत वसलेल्या कुटुंबांच्या संग्रही पंचम जॉर्जचे रुपये असतील. त्यांवर कमळाखाली जो सूक्ष्म ठिपका असतो, तोच मुंबईच्या टांकसाळीची निशाणी, आणि चांदीच्या चकाकीत तो सहज हरवतो.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांनी ५० मिलिमीटरच्या जुन्या लेन्समागे तेवढ्याच लांबीच्या एक्स्टेन्शन ट्यूब जोडाव्यात. अंतर कमी मिळेल, पण मूळ माप हाती येईल. डार्करूममधला जुना एन्लार्जर मिळाला तर त्याचा खांब हा उत्तम स्टँड आहे, आणि कॅमेरा बसवण्याची पट्टी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही कुशल कारागीर करून देईल. स्थैर्यावर येथे विशेष खर्च करावा. लोहमार्गालगतच्या घरांत कर्जतकडे जाणारी गाडी धडधडत गेली की टेबल थरथरते आणि अक्षरे पुसट होतात, म्हणून गाडी गेल्यावर टायमरनेच शटर उघडावे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवून त्यात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर आले की कॅमेरा समांतर झाला असे समजावे. एफ/८ हे छिद्र मूळ मापाला एफ/१६ प्रमाणे वागते. त्याहून फार लहान केल्यास तीक्ष्णता घटते.

खर्चाचा क्रम म्हणून माझा निवाडा असा : आधी खांब, मग दिवे, मग लेन्स, आणि उरेल त्यात कॅमेरा. आणखी एक कळकळीची विनंती आहे. छायाचित्र चांगले यावे म्हणून शिवराई चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासण्यात गेलेली रेघ कोणत्याही भिंगाला परत आणता येत नाही. नाणे आहे तसे टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि वजन लिहून ठेवा.