बचत गट : झाडीपट्टीतील स्त्रीशक्तीचा मूक यज्ञ

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या सीमेला भिडलेला हा प्रदेश धानाची शेती, तलाव आणि वनसंपदा यांसाठी प्रसिद्ध आहे. गोंदिया शहराची ओळख तांदळाच्या गिरण्यांनी आणि विडीच्या व्यवसायाने झाली. परंतु या गिरण्यांत येणारे धान ज्या हातांनी रोवले जाते आणि विडीचे पान ज्या हातांनी जंगलातून खुडले जाते, ते हात बहुतांशी स्त्रियांचे आहेत, याची नोंद व्यापाराच्या खतावणीत कधी झाली नाही. म्हणूनच सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ग्रामीण महिलांच्या बचत गटांचा विषय विचारार्थ घेणे औचित्यपूर्ण ठरेल.

गट येण्यापूर्वीची परिस्थिती ज्येष्ठांना चांगली ठाऊक आहे. धानाचे पीक वर्षातून एकदाच. ज्येष्ठ-आषाढात बी-बियाणे आणि रोवणीची मजुरी यांसाठी पैसा लागे, आणि हाती पैसा येई तो दिवाळीनंतर, मळणी आटोपल्यावर. मधल्या पाच महिन्यांत घरात कोणी आजारी पडले, मुलीचे लग्न ठरले किंवा बैल दगावला, तर सावकाराच्या ओट्यावर जाण्यावाचून गत्यंतर नसे. घरातील चांदीचे गोट आणि तोडे प्रथम गहाण पडत, आणि ते प्रायः स्त्रीचेच असत. व्यवहार मात्र पुरुषाच्या नावाने होई. कर्ज किती, व्याज किती, फेड किती झाली, याची तिला गंधवार्ताही नसे.

अल्पबचतीतून ही साखळी तोडण्याचा विचार एकाएकी आला नाही. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही असंघटित स्त्रियांची संघटना उभी केली आणि १९७४ साली त्या स्त्रियांची सहकारी बँक निघाली. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावातील ४२ कारागिरांना अवघ्या २७ डॉलरचे कर्ज देऊन प्रयोगास आरंभ केला. त्यातूनच १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला बँक स्थापन झाली. संस्थापक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणावरून परवाना प्रथम नाकारला गेला होता. त्या स्त्रिया अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊनच परतल्या.

नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडण्याचा पथदर्शी कार्यक्रम सुरू केला. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजेच ‘माविम’ने, राज्यभर गटबांधणी हाती घेतली व २००७ पासून ‘तेजस्विनी’ कार्यक्रमाद्वारे तिला व्यापक रूप दिले. पुढे २०११ साली राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, अर्थात ‘उमेद’, सुरू झाले. त्याच्या पहिल्या टप्प्यात ज्या मोजक्या जिल्ह्यांत सघन काम झाले, त्यांत गोंदियाचा समावेश होता.

गटाचे कार्य चालते कसे, हे व्यापारी समाजास समजावून सांगणे सोपे आहे, कारण ते शुद्ध हिशेबाचे काम आहे. समजा, एका टोलीतील १२ स्त्रिया एकत्र आल्या आणि प्रत्येकीने दरमहा १०० रुपये जमा केले. महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रुपये झाले. आता त्यांतील एकीला औषधोपचारासाठी ३,००० रुपये हवे आहेत. दरमहा शेकडा ५ या दराने तिने ते बाहेरून घेतले, तर महिन्याला १५० आणि वर्षाला १,८०० रुपये व्याज होते. गटातून शेकडा २ या दराने घेतले, तर महिन्याला ६० आणि वर्षाला ७२० रुपये होते. म्हणजे १,०८० रुपये तिच्या घरातच राहिले. शिवाय भरलेले ७२० रुपये गावाबाहेर न जाता बाराजणींच्याच पेटीत जमा झाले. त्यात तिचाही बारावा हिस्सा आहे.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही गटाची पंचसूत्री होय. सहा महिने ती निष्ठेने पाळल्यावर बँक गटाची पारख करते आणि कर्ज देते. तेथे तारण मागितले जात नाही. एकीने हप्ता चुकविला, तर इतर अकराजणींची पत जाते, हेच खरे तारण. बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या उधारी शब्दावर चालत आली. पेढीची अब्रू म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. तोच धर्म या स्त्रियांनी कोणाच्याही शिकवणीवाचून अंगीकारला आहे.

परंतु गटाचे मोल केवळ रुपयांत मोजणे अन्यायाचे ठरेल. महिन्यातून दोन-चार वेळा एकत्र बसणाऱ्या स्त्रिया पैशाबरोबर गावाच्या प्रश्नांविषयीही बोलू लागल्या. त्यांतील पहिला प्रश्न सर्वत्र एकच निघाला : दारू. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, ती लोकांच्या आंदोलनामुळे. पुढे मार्च २००८ च्या शासन आदेशाने गावागावांतील स्त्रियांच्या हाती साधन दिले. चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास मतदान घेतले जाते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारल्यास परवानाधारक दुकान बंद होते. येथे मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्रियांच्या निम्म्या मतांची अट आहे. मजुरी बुडवून, घरातील विरोध सोसून शेकडो स्त्रियांना एका दिवशी केंद्रावर आणणे सोपे नाही. ज्या गावात गटांची वीण घट्ट असते, तेथेच ते साधते.

दुसरे उदाहरण तलावांचे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीत बांधलेले मामा तलाव हे या जिल्ह्याचे वैभव. कालांतराने ते गाळाने भरले, बेशरमीच्या झुडपांनी वेढले गेले आणि त्यांतील मूळच्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि ढीवर समाजातील ज्येष्ठ जाणकार पतिराम तुमसरे यांनी या तलावांचा अभ्यास करून पुनरुज्जीवनाचे काम आरंभिले. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रियांनी ते पुढे नेले. ज्या समाजाचे जीवनच तलावावर अवलंबून, त्याच समाजातील स्त्रियांना सहकारी संस्थांच्या कारभारात प्रायः स्थान नव्हते. त्या गट बांधून पुढे आल्या, कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव निर्मळ झाला की पाखरे परततात, गुरांना पाणी मिळते आणि विहिरींची पातळी टिकते. ही सेवा समस्त जीवसृष्टीची आहे.

तिसरा विषय वनोपजाचा. तेंदूपानाचा एक पुडा ७० पानांचा आणि प्रमाणित गोणी १,००० पुड्यांची. म्हणजे एका गोणीसाठी ७०,००० पाने खुडावी, मोजावी व बांधावी लागतात. वैशाखाच्या वणव्यात पहाटे जंगलात शिरून हे काम करणाऱ्या बाईला भाव ठरविताना कोणी विचारत नसे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्क दिले आणि २०१३ साली गोंदिया व अमरावती जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानाची विक्री स्वतः केली. गटात बोलण्याचा सराव झालेली स्त्री ग्रामसभेत दबकत नाही, हा अनुभव अशा वेळी कामी येतो. २०११ पासून राज्यातील पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. ती खुर्ची खऱ्या अर्थाने सांभाळण्याची शाळा म्हणजे गटाची बैठक होय.

सज्जनहो, केवळ स्तुती केल्यास चित्र अपुरे राहील. काही गट अनुदानापुरते जन्मले आणि अनुदानाबरोबर संपले. कोठे अध्यक्षा व सचिवच कर्ज घेत राहिल्या, तर कोठे वही पतिराजांनी लिहिली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत रोखीवर चालणाऱ्या गटांची मोठी ओढाताण झाली. अलीकडे खासगी वित्त कंपन्या घरपोच कर्जे देतात. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज, अशा फेऱ्यात पडलेल्या भगिनी गावोगावी आढळतात. आंध्र प्रदेशात २०१० साली या प्रकाराने केवढा अनर्थ घडला, हे विसरून चालणार नाही. सावकार ओट्यावरून उठला आणि मोटारसायकलवर बसून दारी आला, एवढाच फरक पडावयाचा नसेल, तर गटाची स्वतःची पेटी भक्कम असली पाहिजे.

दुसरी उणीव बाजारपेठेची. लोणची, पापड, मोहाचे पदार्थ, हातसडीचा तांदूळ हे सारे उत्तम बनते. परंतु प्रदर्शन संपले की विक्रीही संपते. कापड व्यवसायाच्या जवळचे उदाहरण द्यावयाचे, तर २०२४-२५ या वर्षी राज्यातील शालेय गणवेशांची शिलाई महिला गटांकडे सोपविण्यात आली. कापड वेळेवर पोहोचले नाही, शिलाईचा दर परवडेना, मापांच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. बायांना शिवता येत नव्हते, असा त्याचा अर्थ नव्हे. कापडाची खरेदी, वाटप, कटाई आणि मुदत यांचा मेळ घालणे ही व्यापाराची विद्या आहे, आणि नेमकी तीच तेथे कोणी पुरविली नाही.

ही विद्या ज्या समाजाकडे वंशपरंपरेने आहे, त्याचे कर्तव्य येथे सुरू होते. न्यासांनी शिलाई यंत्रे वाटली, छायाचित्रे निघाली. ते पुण्यकर्म निःसंशय आहे. तथापि त्याहून अधिक गरज निराळ्या साहाय्याची आहे. गोंदिया, तिरोडा, आमगावच्या दुकानांत एक फळी गटांच्या मालासाठी राखावी. माल आल्याबरोबर रोख मोबदला द्यावा. त्यांच्या उधारीवर आपला धंदा चालवू नये. हिशेब जाणणाऱ्या तरुण-तरुणींनी महिन्यातून एक दिवस गटांच्या वह्या तपासून द्याव्यात. धान व वनोपज घेताना काटा खरा असावा. यातील एकाही गोष्टीसाठी देणगीची पावती फाडावी लागत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या संस्थेचा पाया घातला जातो, तेव्हा चार माणसे एकत्र बसून थोडी थोडी रक्कम गोळा करतात, वही घालतात आणि परस्परांवर विश्वास ठेवतात. देवरी-सालेकसाच्या टोलीत, पडवीत चटई अंथरून बसलेल्या बाराजणी याहून निराळे काय करीत आहेत? त्यांच्या वहीतील अक्षर वेडेवाकडे असेल, पण बेरीज चोख असते. त्या बेरजेत बाजारपेठेने आपली सचोटी मिळवावी, हीच या सुवर्ण महोत्सवाची खरी फलश्रुती ठरेल.