उसनी चाल आणि स्वतःचे गाणे

(पंचवटी येथे तरुण वादक व त्यांच्या पालकांसमोर केलेले भाषण)



मुलांनी गिटार व ड्रम हाती घ्यावेत काय, अशी शंका येथील पुष्कळ आईबापांच्या मनात आहे. त्या शंकेचा विचार करण्यासाठी मी मुंबईच्या 'रॉक मशीन' या वाद्यपथकाची पहिली ध्वनिमुद्रिका निवडली आहे. पथक १९८४ साली स्थापन झाले. 'रॉक अँड रोल रेनेगेड' ही ध्वनिमुद्रिका १९८८ साली सी.बी.एस. कंपनीने काढली. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून बाहेर पडलेला बंडखोर.

प्रथम ऐकताना ती केवळ गोंगाट वाटते. ड्रमचे ठोके छातीवर आदळतात, गिटारचा स्वर मुद्दाम फाटका केलेला असतो आणि गायक वरच्या पट्टीत ओरडल्यासारखा गातो. शब्द इंग्रजी असल्याने अर्थाचाही आधार मिळत नाही. परंतु दुसऱ्यांदा ऐकावे, म्हणजे गोंगाटातील शिस्त ध्यानात येते. मार्क सेल्विन यांचा बास ड्रमचा हात धरून चालतो. महेश तिनईकर यांची गिटार गायक थांबतो तेथे बोलू लागते. उदय बेनेगल यांचा आवाज या सर्वांवर स्वार होतो. 'टॉप ऑफ द रॉक' हे त्यातील सर्वांत गाजलेले गाणे. कोणीही दुसऱ्याच्या पुढे धावत नाही. अशी एकजूट दीर्घ तालमीवाचून साधत नाही.

तथापि या ध्वनिमुद्रिकेचे खरे मोल निराळे आहे. त्या काळी महाविद्यालयांच्या मंचावर अशा पथकांनी विलायती पथकांचीच गाणी हुबेहूब वाजवावीत, अशी श्रोत्यांची फर्माईश असे. नक्कल जितकी चोख, तितक्या टाळ्या अधिक. रॉक मशीनही आरंभी तीच गाणी वाजवीत असे. पुढे त्यांनी स्वतः रचलेली गाणी मंचावर आणली आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आपलीच गाणी दिली. मिळत असलेल्या टाळ्यांवर पाणी सोडण्याची तयारी असल्यावाचून हे घडत नाही.

तिच्यात उणीव नाही असे मी म्हणत नाही. गाणी त्यांची, पण भाषा आणि ढंग परक्यांचा. मात्र त्यांचा प्रवास तेथे थांबला नाही. १९९३ साली त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, म्हणजे आपल्या नावात सिंधू नदीला स्थान दिले. पहिले पाऊल अपुरे असले तरी ते टाकावेच लागते, हा याचा बोध.

आता आपल्या घरी वळू. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपण चित्रपटाच्या चालीवर आपले शब्द बसवितो. त्यास कारण होते. अक्षरओळख नसलेल्या माणसाला ओळखीच्या चालीवरचे शब्द एका रात्रीत पाठ होत. याच जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातील वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गाण्यातून विचार पोहोचविला, त्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण आज आपली मुले शिकली आहेत. शब्द आपले आणि चाल चित्रपटाची, ही तडजोड त्यांनी किती दिवस चालवावी? चाल ऐकताच ज्याच्या मनात पडद्यावरील नायक उभा राहतो, त्याच्या मनात आपला विचार निम्माच उतरतो.

म्हणून माझी विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून मोठमोठे कर्णे भाड्याने आणण्यात जो पैसा जातो, त्याचा काही भाग बाजूला काढा. त्यातून वस्तीच्या मालकीची वाद्ये घ्या; एकट्या कुटुंबाला ती परवडणारी नाहीत. मुलींनाही वाजवू द्या. आणि मुलांवर एकच अट घाला : दरवर्षी निदान एक गाणे असे रचावे, ज्याचे शब्द आणि चाल दोन्ही तुमची असतील.

ते पहिले गाणे कदाचित बेसूर होईल. तरीही ते दोनदा ऐका. एकदा ऐकून निकाल देऊ नका.

जय भीम.