रस्ते आणि ते आखणारी शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आज मी तुम्हांला फ्रान्समधील लांबच्या प्रवासाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. विषय दूरचा वाटेल; परंतु आपल्या मुलामुलींच्या तालिमीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

१८२६ साली इजिप्तचे राज्यकर्ते मुहम्मद अली यांनी चाळीसच्या वर तरुण पॅरिसला शिकावयास धाडले. त्यांच्यासोबत इमाम म्हणून अल्-अझहरचे तरुण आलिम रिफाआ अल्-तहतावी गेले. जहाज मार्सेलिस बंदरास लागले. तेथून पॅरिस सुमारे ७५० किलोमीटर. रेल्वे नव्हती, पुढचा प्रवास घोडागाडीचा आणि कित्येक दिवसांचा. आज हेच अंतर आगगाडी सुमारे ३ तासांत कापते. हा फरक कसा पडला?

१७६५ च्या सुमारास पॅरिसहून मार्सेलिसला पोहोचावयास साधारण १२ दिवस लागत. १७८० पर्यंत ते ८ वर आले. घोडे तेच होते. इंजिनाचा तर पत्ताच नव्हता. मग ४ दिवस वाचले कसे? पॅरिसमध्ये १७४७ साली पूल आणि रस्ते बांधण्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली होती. पेरोने हे तिचे पहिले प्रमुख. तेथे शिकलेल्या माणसांनी नकाशे काढले, चढ-उतार मोजले, पूल उभारले. पुढे १७७५ साली मंत्री त्युर्गो यांनी हलक्या गाड्या सुरू केल्या. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे जोडले जात, त्यामुळे मुक्काम कमी झाले.

परंतु याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. हे रस्ते खोदले कोणी? आसपासच्या शेतकऱ्यांनी, आणि तेही वेठबिगारीने. आपली अवजारे, आपले बैल घेऊन वर्षातील काही दिवस बिनमोल राबावे लागे. त्युर्गोंनी १७७६ साली ही वेठ बंद केली. त्याच वर्षी त्यांचे मंत्रिपद गेले आणि वेठ परत आली. ती कायमची गेली १७८७ साली. ज्यांनी रस्ता खोदला त्यांना गाडीचे भाडे परवडत नसे. ते त्याच रस्त्याने पायी चालत.

रेल्वे आली तेव्हाही हेच झाले. १८४२ च्या कायद्याने पॅरिसपासून चोहोंकडे लोहमार्ग आखले गेले आणि १८५० नंतरच्या दशकात मार्सेलिसचा प्रवास सुमारे एका दिवसावर आला. परंतु सुरुवातीच्या काळात तिसऱ्या वर्गाच्या अनेक डब्यांना छप्परसुद्धा नसे. हा तिसरा वर्ग १९५६ साली बंद झाला. त्याआधी १९३६ साली मजुरांना प्रथमच भरपगारी रजा मिळाली, रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळाली, आणि अनेक कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

आता अलीकडची गोष्ट. टी.जी.व्ही. या वेगवान गाडीचा १९७२ चा पहिला नमुना तेलावर चालणारा होता. १९७३ साली तेल महागले. तंत्रज्ञांनी ते इंजिन बाजूस ठेवले आणि विजेवर नवा आराखडा केला. १९८१ साली पॅरिस-लिऑन मार्गावर ती गाडी धावली. २००१ साली नवा मार्ग मार्सेलिसपर्यंत पोहोचला. २००७ साली चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटर वेग गाठला गेला. तरीही प्रश्न संपलेले नाहीत. अनेक लहान शाखा बंद पडल्या. २०१५ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना मुभा मिळाली. तेव्हापासून कमी भाड्यासाठी कितीतरी विद्यार्थी रात्रभर बसने जातात.

पालकहो, या सगळ्यातून एक गोष्ट तुम्ही ध्यानी घ्यावी. रस्ता आखणारा आणि रस्ता खोदणारा यांच्यात फरक शाळेचा होता. दहावी झाली की मुलाला कामाला लावावे, म्हणजे घराला हातभार लागेल, असे वाटणे साहजिक आहे. कष्टाची कमाई हलाल आहे, तीत कमीपणा नाही. पण काही वर्षांची कळ सोसून त्याला आय. टी. आय., डिप्लोमा वा पदवीपर्यंत नेले, तर त्याच्या हातात फावड्याबरोबर नकाशाही येईल.

मुलींबाबतही हेच. फ्रान्सच्या नामांकित पॉलिटेक्निकची स्थापना १७९४ ची. तेथे मुलींना प्रवेश मिळाला १९७२ साली. पुढारलेल्या देशानेही या बाबतीत १७८ वर्षे दवडली. आपण तेवढा वेळ का दवडावा?

विद्यार्थी मित्रांनो, तहतावी यांची गोष्ट अजून पुरी व्हावयाची आहे. त्यांना धाडले होते इमामत करण्यासाठी. त्यांनी ती केलीच, शिवाय स्वतः फ्रेंच भाषा शिकून घेतली. १८३१ साली ते मायदेशी परतले, पॅरिसवर ग्रंथ लिहिला आणि १८३५ साली कैरोत भाषांची शाळा उभी केली. दीन आणि दुनियेचे इल्म त्यांच्या ठायी एकत्र नांदले. फी भरण्यास अडचण असेल, तर संकोच न करता शिक्षकांशी बोला. शाळा मात्र सोडू नका.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या वाटा सुकर करो. आमीन.