नोकरीतील फिरती, धावणे आणि मळ्यातील यंत्रे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी हा विषय मजकडे सोपविला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "दोन डगरींवर पाय ठेवणारा पडतो असे आपण म्हणतो. माझे पाय तीन डगरींवर आहेत आणि मी एकदा पडलोही आहे. त्या पडण्याविषयी बोललो तर चालेल काय?" त्यांनी संमती दिली, म्हणून आपणापुढे उभा आहे.

माझी नोकरी बँकेच्या शाखा तपासण्याची. महिन्यातील निम्मे दिवस परगावी जातात. बिऱ्हाड साताऱ्यास आणि वडिलार्जित जमीन कोरेगाव तालुक्यात. तेथे थोरले बंधू शेती पाहतात. मळ्यात ट्रॅक्टर आहे, मळणी यंत्र आहे, विहिरीवर पंप आहे. आणि तरुणपणी एका कारखान्यात मी उमेदवारी केली असल्यामुळे या सर्वांची दुरुस्ती माझ्याकडे चालत आली. धावण्याचा नाद चाळिशीनंतर लागला. डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. मी धावू लागलो.

काही वडीलधाऱ्यांना शेतकऱ्याच्या घरी हे थेर कशास, असे वाटते. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. तेव्हा हा नाद आपल्याकडे काल-परवा आलेला नव्हे.

फिरतीत धावणे फारसे अवघड नाही. पिशवीत बुटांचा एक जोड, पहाटे पाचाला उठणे, आणि गावच्या कुत्र्यांशी सलोखा, एवढे पुरते. एका गावी गस्तीच्या पोलिसाने मला थांबवून, "काय घेऊन पळताय?" असे विचारले होते. मी रिकामे हात दाखविले, तरी त्याचे समाधान झाले नाही.

खरी अडचण मळ्याची. २०२२ च्या ऑक्टोबरात मी मुंबईच्या मॅरेथॉनची तयारी करीत होतो. २००४ साली सुरू झालेली ही शर्यत जानेवारीत असते. पल्ला ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. त्यासाठी ऑक्टोबरपासून दर रविवारी लांब धावावे लागते, आणि आमच्याकडे सोयाबीनची मळणीही ऑक्टोबरातच. परतीच्या पावसाने त्या वर्षी फार छळले. जरा उघडीप मिळाली आणि मळणी यंत्राचे बेअरिंग खरखरू लागले. वास्तविक ती खरखर मी ऑगस्टातच ऐकली होती. पण पुढच्या खेपेस पाहू म्हणून फिरतीवर निघून गेलो होतो.

त्या रविवारी मी एक युक्ती काढली आणि तिचा मला अभिमान वाटला. साताऱ्याहून मळ्यापर्यंत २२ किलोमीटर धावत जावयाचे, यंत्र दुरुस्त करावयाचे आणि रात्रीच्या गाडीने सोलापूरच्या तपासणीस निघावयाचे. माहुलीला कृष्णेचा पूल ओलांडताना उजाडत होते. मळ्यात पोहोचलो, अंगावर दोन तांबे पाणी घेतले आणि पाना हाती घेतला. ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा दांडा सोडविला, त्यावरील संरक्षक आवरण काढून लिंबाखाली ठेवले, जुने बेअरिंग उपसले, नवे बसविले, वंगण भरले, पट्टा ताणला. यंत्र सुरू केले तेव्हा आवाज असा स्वच्छ आला की दादा हसले. मी समाधानाने गाडी पकडली.

मंगळवारी दादांचा फोन आला. पेंढ्या ओढताना पुतण्याच्या खांद्यावरचा पंचा दांड्याने ओढून घेतला होता. तो दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. पंचा सैल होता म्हणून सुटून गेला. मुलाचा तळहात तेवढा सोलवटला. गळ्याभोवती वेढा असता तर काय झाले असते, हे येथे बोलवत नाही. दादा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "कव्हर लिंबाखाली सापडलं."

त्या रात्री निवासगृहात मला झोप लागली नाही. वेळ कमी पडला असे मी प्रथम स्वतःस सांगत होतो. पण ते खरे नव्हते. वेळ होता. २२ किलोमीटरनंतर हातांना सवयीने काम येत होते, परंतु काढलेली वस्तू परत बसविण्याइतके लक्ष शिल्लक नव्हते. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "दमून पोळी भाजली तर फार तर करपते. तुम्ही काय हाती घेता ते पाहा."

त्यानंतर मांडणी बदलली. लांब धावण्याच्या दिवशी मी पान्यास हात लावीत नाही, मग काम कितीही क्षुल्लक असो. यंत्राची तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि सप्टेंबरात पुन्हा करतो. यात फिरती उपयोगी पडली, हे नवलच! बेअरिंगवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो; ते क्रमांक मी खिशातल्या वहीत उतरविले आहेत आणि सोलापूर-कोल्हापुरास गेलो म्हणजे जादा सुटे भाग आणून पेटीत ठेवतो. मधल्या काळात काही बिघडले तर दादा फोन यंत्रापाशी धरतात. पट्टा सैल असेल तर किंचाळतो, बेअरिंग खरखरते; परगावी बसून एवढे कळते. मग गावातील मिस्त्रीला बोलवावयास मी आता कमीपणा मानीत नाही. पूर्वी मानीत असे.

मुंबईची शर्यत मात्र सोडली. आता साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन धावतो. २०१२ पासूनची ही शर्यत यवतेश्वराच्या घाटातून जाते, आणि तिची तयारी पेरणीनंतरच्या दिवसांत उरकते. ४२ किलोमीटर एकदा तरी पुरे करावेत ही इच्छा मनात आहे, आणि वय चौपन्न झाले आहे. याची खंत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

पुतण्या आज सभागृहात आहे. त्याच्यासमोर हे सांगण्याचे धैर्य व्हावयास इतका काळ लागला. सोलापूरची गाडी सुटावयास आता तासभरच आहे, म्हणून आपली सर्वांची रजा घेतो.