दगडावर कोरलेली बायांची नावं



आपल्याकडे बायकांची सहल म्हटली की पालीचा बल्लाळेश्वर, महडचा वरदविनायक, फार तर जेजुरी. पेणची बाई रोह्याला गेली तर धावीर महाराजांच्या दर्शनाला, नाहीतर सोयऱ्यांकडे. रोह्याच्या पलीकडे, तळे-मांदाडच्या बाजूला कुडा नावाचं गाव आहे आणि तिथल्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं? यंदा आमच्या बचत गटातल्या बारा जणी तिकडे जाऊन आलो. आज त्याबद्दलच सांगतो.

घरी आधी प्रश्न आलेच. "देवाला जाताय का? मग दगड बघायला पैसे कशाला?" आम्ही म्हटलं, पैसे आमच्या बचतीतले आहेत आणि दिवसही एकच. पेणहून गाडीने रोहा, तिथून दोन विक्रम ठरवल्या. सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी.

कुड्याला छोटीमोठी सव्वीस लेणी आहेत. खाली राजपुरीच्या खाडीचं पाणी दिसतं. जुन्या काळी या खाडीतून व्यापाराची गलबतं यायची. व्यापारी आले, भिक्षू आले, आणि पावसाळ्यात भिक्षूंना राहायला डोंगरात खोल्या कोरल्या गेल्या. आत बसायला-निजायला दगडाचे ओटे, बाहेर पाणी साठवायला खोदलेली टाकी. सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात दगडात कोरलेले हत्ती आहेत आणि स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. बुद्धाच्या मूर्ती मात्र नंतरच्या काळातल्या.

आता खरी गोष्ट. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. आपल्याला ते वाचता येत नाहीत, पण भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी ते वाचून १८८१ साली छापले. त्यात लिहिलंय ते एवढंच, की कोणी काय दान दिलं. आम्हाला वाटलं होतं, सगळी राजांची नावं असतील. तर तिथे एक माळी आहे, एक वैद्य आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. आणि बाया आहेत!

पदुमणिका नावाची एक भिक्षुणी. तिने एक लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, दान दिली. तिच्या लेखात तिच्या आईचं नाव आहे, नागणिका. ती आईसुद्धा भिक्षुणीच. सोबत बोधी आणि आसाळमिता या दोघींचीही नावं आहेत. पाण्याची सोय करणारी बाई दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच, फक्त तिचं नाव कोणीतरी लिहून ठेवलं.

दुसरं कुटुंब शिवम नावाच्या माणसाचं. हा शिवभूती नावाच्या लेखनिकाचा धाकटा भाऊ. लेणं त्याचं, पण कोरीव कामाच्या दानात त्याची बायको विजया आणि मुलगे, तर खांबांच्या दानात मुली. चौघी मुलींची नावं एकेक करून कोरलेली आहेत. शिवमची ओळख सांगताना बापाबरोबर आईचंही नाव दिलं आहे.

हे ऐकून आमच्यातल्या एकीने विचारलं, "आपल्या घराच्या कागदावर आपलं नाव आहे का गं?" बारा जणींपैकी तिघींचं होतं. घर बांधताना विटा आपणही वाहिल्या, गटाचं कर्जही आपणच फेडलं, आणि कागदावर आपण नाही.

मैत्रिणींनो, आता मार्ग आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरावर नवरा-बायको दोघांची नावं लागू शकतात. ग्रामपंचायतीत चौकशी करा, अर्ज द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. घरात नातवंड आलं असेल, तर दाखला नीट बघून घ्या.

आणि कुड्याला जाऊन या. दिवाळीनंतर जा, पावसात दगड निसरडा असतो. पिण्याचं पाणी आणि भाकरी घरून न्या. लेण्यात चूल पेटवू नका, भिंतीला खडू-कोळसा लावू नका, मुलांना नावं कोरू देऊ नका. पाटीवर कोणती लेणी कुठे आहेत ते वाचा आणि मुलींना मोठ्याने वाचायला लावा.

लेणं म्हणजे डोंगरातलं घर, आणि लेणं म्हणजे अंगावरचा दागिना. अंगावरचं लेणं गहाण पडतं, मोडावं लागतं. विजयाच्या मुलींनी जे दिलं, ते अजून उभं आहे, त्यांच्या नावासकट. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घराचा उतारा घेऊन या. आपलं नाव त्यात आहे की नाही, ते एकत्र बसून वाचू.