धार कुठवर जाते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपण आज शिरपामाळावर जमलो आहोत. सुरतेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांची भेट इथे झाली, हा इतिहास आपण गुरुजींकडून ऐकला. मी आज विज्ञानाबद्दल बोलणार आहे. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, तेव्हा विषय पाण्याचाच.

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात पाऊस थांबत नाही आणि उन्हाळा लागला की डोक्यावर हंडे चढतात. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, हे इथल्या मुलींची मान जाणते. तरी ‘द्रवाचा दाब’ हा धडा आला की त्याच मुली व्याख्या पाठ करतात. हे अंतर मिटवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

ही बघा, प्लास्टिकची बाटली. तळापासून 5, 10 आणि 15 सेंटिमीटरवर दाभणाने सारखी भोके पाडली आहेत, एकमेकांपासून जरा बाजूला. पाणी 20 सेंटिमीटरपर्यंत भरायचे आणि वरून ओतत तेवढेच ठेवायचे. सांगा, कोणती धार सर्वांत लांब जाईल? पुष्कळ चित्रांत खालची दाखवतात. पण बाटली जमिनीवर ठेवून पाहा. मधली धार सर्वांत लांब पडते. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी. खालच्या भोकाशी दाब सर्वांत जास्त, म्हणून पाणी तिथून सर्वांत जोरात निघते. पण जमीन इतकी जवळ की पुढे जायला त्याला वेळच मिळत नाही. आता बाटली स्टुलावर ठेवा. खालची धार सर्वांच्या पुढे जाते! दाब आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल विसरत नाही. धरणाची भिंत तळाशी रुंद का बांधतात, हे मग त्याला जयसागरच्या काठावर उभे राहून स्वतःच सांगता येते.

दुसरा प्रयोग सरबताच्या नळीचा. बाटली काठोकाठ भरा, नळी घाला आणि तोंड मळलेल्या कणकेने घट्ट बंद करा. आता कितीही ओढा, पाणी वर येत नाही. कारण पाणी आपण ओढतच नसतो. आपण फक्त नळीतली हवा कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे टॉरिचेलीने 1644 साली एका पत्रात लिहिले होते, ते हेच.

या हवेची ताकद मोजकी आहे. समुद्रकाठी ती पाणी सुमारे 10.3 मीटर उचलू शकते. जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंच, म्हणून इथे अर्धा मीटर कमी. प्रत्यक्षात काठावरच्या मोटरने सात मीटरच्या आसपासच धरावे. पाणी त्याखाली गेले की मोटर फिरत राहते, विजेचे बिल चढते आणि पाड्यावरचा हंडा रिकामाच. लोक मोठी मोटर आणतात, तरी तेच. मोटर खाली उतरवायची किंवा पाण्यातच सोडायची, म्हणजे ती पाणी खालून ढकलते. वर्गणीचे पैसे वाचवणारे हे ज्ञान आठवीच्या मुलीलाही देता येते.

आणि आपला तारपा! सुका दुधी, बांबू, ताडाचे पान. फुंकलेल्या हवेने आतली बांबूची पट्टी थरथरते आणि आवाज होतो. सरबताच्या नळीचे टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापा आणि फुंका, वाजेल. वाजवता वाजवता दुसरे टोक कापत जा, सूर चढत जाईल.

अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून अशी शेकडो खेळणी केली. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके मराठीतही मोफत मिळतात.

सकाळपासून आपण निधीचे काय करायचे यावर बोलतो आहोत. कमान होऊ द्या, रंगकामही होऊ द्या. माझे मागणे एवढेच, की शाळेत एक फळी असावी, जिला कुलूप नाही. तिच्यावर बाटल्या, नळ्या, फुगे, दाभण, मोजपट्टी. आणि दर शनिवारी आपल्यापैकी एकाने तासभर यावे. कुणी नळजोडणी करतो, कुणी मोटर रिवाइंडिंग, कुणाच्या घरी तारपा आहे. असे पाहुणे शिक्षक विकत मिळत नाहीत.

पहिला शनिवार माझा. बाटली आणि स्टूल इथेच ठेवतो. मुलांनो, पंगत बसेपर्यंत मोजून घ्या, माझ्या शब्दावर विसंबू नका.